शिक्का नको, मार्गदर्शक हवा

वाणिज्य-व्यवस्थापनाच्या पदवीधरांना कामाची तयारीच नसते, असे सांगणारा आपल्या अंकातील लेख वाचला. निदान पटले, पण सगळे खापर मुलांवर फोडणे पटले नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.कॉम.च्या पहिल्या वर्षात चार श्रेयांकांचे, म्हणजे सुमारे १२० तासांचे, ऑन जॉब ट्रेनिंग (प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण) आहे. कागदावर उत्तम. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी हिशेब पाहतो. गेल्या वर्षी एक मुलगा या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र टाइप करूनच आला. ‘सर, फक्त सही-शिक्का द्या.’ मी त्याला बसवले, वाहतूकदाराची पावती आणि ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) हातात दिले आणि चूक शोध म्हणालो. दुपार गेली, पण सापडली. गाडी क्रमांकाचा एक आकडा वेगळा होता. दुरुस्तीसाठी त्याला स्टोअर, डिस्पॅच आणि चालक अशा तिघांशी बोलावे लागले. चार नावांच्या गटप्रकल्पात (लिहितो बहुधा एकच!) हे कुठून यायचे? दुसऱ्या दिवशी पोरगा न बोलावता हजर.

दोष तासांचा नाही, त्या तासांत सोबत कुणी नसण्याचा आहे. महाविद्यालयांनी दर पाच मुलांमागे एक अनुभवी माणूस नेमावा आणि प्रमाणपत्राऐवजी त्याच्याकडून आठवड्याला चार ओळींचा शेरा मागवावा. सातपूर-अंबडमधून निवृत्त झालेले लेखापाल, खरेदी अधिकारी नाशकात पुष्कळ आहेत. मानधनाचे नंतर पाहू, आधी कुणी विचारायला तर हवे.

– एक लेखापाल, सिडको, नाशिक