स्टंपाची सावली

नागपूर, 26 मे

चि. ओम,
अनेक आशीर्वाद.

काल नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला आणि फोनवर तू विचारलंस, "आई, नवतपा लागला म्हणजे सूर्य जवळ आला ना?" हातात काम होतं, मी हो म्हणून मोकळी झाले. ते चुकलं, म्हणून हे पत्र.

आज वड्या उलटायला गच्चीवर गेले होते. तुझा स्टंप अजून कुंडीत रोवलेला आहे. 21 डिसेंबरला भर दुपारी आपण टेपने त्याची सावली मोजली होती, आठवतं? जेवढा स्टंप वर, जवळपास तेवढीच लांब. आज 12 वाजून 10 मिनिटांनी ती सावली बुडाशी गडप झाली. सूर्य बरोब्बर डोक्यावर! तुझ्याकडे पुण्यात हे मेच्या मध्यालाच होऊन गेलं असेल, कारण सूर्य उत्तरेकडे सरकत आपल्याकडे नंतर पोचतो.

बाळा, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर. तेव्हा तर आपण शेकोटीपाशी बसतो. जुलैत ती 15.2 कोटींवर गेलेली असते. ऋतू होतात ते पृथ्वी साडेतेवीस अंशांनी कललेली आहे म्हणून.

आजीकडून विणायची सुई घे आणि मोसंबीत आरपार घाल (संत्री आता मिळायची नाहीत). मधोमध दिवा ठेव. सुई थोडी तिरपी धरून मोसंबी दिव्याभोवती फिरव, पण सुईचा रोख एकाच भिंतीकडे राहू दे. पृथ्वीचा आसही असाच वर्षभर ध्रुवताऱ्याकडे असतो. एकीकडे सुईचं वरचं टोक दिव्याकडे झुकलेलं दिसेल, समोर गेलं की तेच दिव्यापासून दूर कललेलं. झुकलेल्या बाजूला ऊन सरळ पडतं आणि दिवस मोठा. डिसेंबरात तेच ऊन तिरपं येऊन जास्त जमिनीवर पसरतं, शिवाय नागपूरचा दिवस जूनपेक्षा अडीच तासांनी लहान. ऑस्ट्रेलियात याच्या उलट, तिथे आता थंडी सुरू होते आहे.

17 जुलैच्या सुमारास सूर्य पुन्हा आपल्या डोक्यावर येईल. पण तोवर ढग आड येतात, जमीन भिजते आणि बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. आत्ता आभाळ कोरडं, माती भेगाळलेली, म्हणून हा ताप.

स्टंप हलवत नाही. जुलैत तू घरी असशील, ढग बाजूला झाले तर दोघं मिळून बघू. दुपारी उन्हात हिंडू नकोस. आजीला नमस्कार.

तुझी,
आई