पीटीआर नोंद चुकीची करून तक्रार ‘निकाली’ काढल्याबद्दल

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: लीज्ड लाइनच्या स्टॅटिक आयपीची रिव्हर्स डीएनएस नोंद दुरुस्त करून मिळणेबाबत

महोदय,

सातपूर एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात आपली लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आमच्यासाठी राखलेली इंटरनेट जोडणी आहे. तिच्यासोबत घेतलेल्या स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपी पत्त्यांपैकी एकावर आमचा मेल सर्व्हर चालतो. त्या आयपीला पीटीआर नोंद, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी रिव्हर्स डीएनएस नोंद करून द्या, एवढीच मागणी होती.

नोंद बरोबर नसल्यामुळे जीमेल वापरणाऱ्या ग्राहकांना पाठवलेली कोटेशन्स ५५०-५.७.२५ असा कोड घेऊन परत येतात. आयपीवरून नाव आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी मिळाला पाहिजे, ही अट गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्याच पाठवणाऱ्यांना लावली आहे. ग्राहकाला वाटतं, आम्ही दर कळवलाच नाही.

हेल्पडेस्कने आधी राउटर बंद-चालू करायला लावला. मग म्हणाले, डोमेन जिथून घेतलं तिथल्या पॅनेलमध्ये नोंद करा. तिथे नावावरून आयपी सांगणारा ए रेकॉर्ड असतो आणि तो आम्ही केव्हाच केला आहे. उलट्या दिशेचा इन-अ‍ॅडर डॉट आर्पा झोन (नोंदींचा संच) ज्याच्या नावावर आयपींचा ब्लॉक आहे त्याच्याकडे, म्हणजे आपल्याकडे असतो. डोमेनच्या पॅनेलमध्ये आम्ही काहीही लिहिलं तरी ते विचारायला तिथे कोणी येणार नाही. हे इंटरनेट विकणाऱ्या कंपनीला ग्राहकाने सांगावं लागतं!

शेवटी नोंद झाली, पण झोन फाइलमध्ये आमच्या सर्व्हरच्या नावाच्या शेवटी टिंब द्यायचं राहिलं. टिंब नसलं की नेमसर्व्हर (या नोंदी पुरवणारा सर्व्हर) ते नाव अर्धवट धरतो आणि पुढे झोनचं नाव स्वतःच जोडतो. त्यामुळे ‘डिग’ या नोंदी तपासायच्या कमांडने विचारलं की आमच्या नावाला आपल्याच झोनचं शेपूट चिकटलेलं दिसतं. असं नाव अस्तित्वातच नाही, त्यामुळे मेल पूर्वीसारखेच परत येतात. हे पुराव्यानिशी कळवल्यावर उत्तर आलं, ‘नोंद झाली आहे, तक्रार बंद करत आहोत.’ उत्तर देणाऱ्याने ती नोंद एकदा तरी उघडून पाहिली होती का?

तरी तक्रार पुन्हा उघडून टिंब द्यावं. झोनचा सिरियल नंबर (बदल झाल्याची खूण) वाढवायला विसरू नये, नाहीतर दुय्यम नेमसर्व्हर जुनीच नोंद देत राहतील. दर वेळी हा व्याप नको असेल तर आमच्या आयपींपुरता उलटा झोन आमच्या नेमसर्व्हरकडे सोपवा. त्याची पद्धत १९९८ च्या आरएफसी २३१७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात दिलेली आहे. स्टॅटिक आयपीचे पैसे आम्ही वेगळे भरतो. नोंद बरोबर होईपर्यंतची ती रक्कम पुढच्या बिलातून वजा व्हावी.

यापुढे हेल्पडेस्कऐवजी नेमसर्व्हर सांभाळणाऱ्या इंजिनिअरने थेट फोन करावा.

कळावे,

सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर
सातपूर, नाशिक

सोबत: परत आलेल्या मेलची प्रत, ‘डिग’चे आउटपुट