बाळंतिणीची सोबत आधी हक्काची, मग पैशांची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माहेरी बाळंतपणाला आलेल्या मुली आणि त्यांच्या आया हल्ली मला एकच प्रश्न विचारतात. 'ताई, डूला ठेवायची का? आणि ठेवायची तर पैसे देऊन, की कुणी फुकट येतं?' देवगड तालुक्यात आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, तरी लोक हक्काने विचारायला येतात. मुंबई-पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीने हे नाव तिथे ऐकलेलं असतं. आईला मात्र सुईण, नर्स आणि ही बाई यांत फरक काय, हेच उमगत नाही.

डूला म्हणजे बाळंतपणात सोबत करायला शिकलेली बाई. ती बाळंतपण करत नाही. ती पिशवीचं तोंड तपासत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, इंजेक्शन देत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ कुशीत येईपर्यंत ती बाईजवळून हलत नाही. याचं मोल मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका पहिलटकरणीच्या सगळ्या कळा कमरेत येत होत्या. तिची मामी सोबत होती. कळ आली की मामी माकडहाडाच्या जरा वर तळहात दाबून धरायची, कळ ओसरली की हात सैल सोडायची. मधल्या वेळात चमच्याने मीठ घातलेली पातळ पेज पाजायची, 'चल गो, दोन पावलं चालू' म्हणून उठवायची. ती मुलगी ओरडली, रडली, पण घाबरली नाही. एकटी पडलेली बाई 'कापा, पण मला मोकळी करा' म्हणते, तेही मी ऐकलं आहे.

हा नुसता माझा अनुभव नाही. कॉक्रेन या संस्थेने 2017 मध्ये 17 देशांतल्या 15 हजारांहून अधिक बायकांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. ज्यांच्याजवळ सतत कुणी होतं, त्यांची नैसर्गिक प्रसूती होण्याचं प्रमाण जास्त होतं, सिझरचं कमी आणि कळांचा वेळही थोडा कमी. आपल्या देशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी रुग्णालयांतल्या दर शंभर बाळंतपणांत सुमारे 47 सिझर आढळली, सरकारीत सुमारे 14. यामागे कारणं पुष्कळ आहेत, सगळा दोष एकटेपणावर टाकता येणार नाही. पण सोबतीने फरक पडतो हे नक्की.

मग ही सोबत फुकट मिळते का? मिळायला हवी, हेच मला सांगायचं आहे. सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी बाईजवळ घरची एक स्त्री थांबू शकते, अशी मुभा केंद्र सरकारने 2016 मध्येच दिली. 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात लेबर रूमचा दर्जा तपासताना ही सोबतही पाहिली जाते. तरीही कितीतरी ठिकाणी आई थर्मास मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसलेली असते आणि आत मुलगी एकटी. सिस्टरना विचारलं तर उत्तर येतं, एका खोलीत दोन-तीन टेबलं आहेत, मध्ये पडदा नाही, दुसऱ्या बाईची लाज कोण राखणार? त्यांची अडचण खरी आहे. पण त्यावर उपाय पडद्याचा आहे, आईला बाहेर बसवण्याचा नव्हे.

आशाताई सोबत येतात, त्यांना डूला समजू नका. त्यांच्यामागे लसीकरण, सर्व्हे, गृहभेटी असतात. रात्रभर एकीपाशी थांबणं त्यांना जमत नाही आणि बिनमोबदला तशी अपेक्षा करणं अन्यायाचं होईल. शिकाऊ डूला काही वेळा मोफत किंवा थोड्या पैशांत येतात, कारण प्रमाणपत्रासाठी त्यांना अनुभव हवा असतो. त्यांना जरूर घ्या, फक्त अडलं तर त्या कुणाचा सल्ला घेतात, ते विचारून ठेवा.

पैसे देऊन डूला घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. घरात थांबणारं बाईमाणूस नसेल, आधीच्या बाळंतपणाची धास्ती मनात असेल, किंवा घरातल्याच बायका जास्त घाबरवणाऱ्या असतील, तर तो खर्च सत्कारणी लागतो. पण रुग्णालय तिला आत घेणार का, हे डॉक्टरांना आधी विचारा. डूला गोव्यात किंवा पुण्यात राहणारी असेल, तर जुलैतल्या पावसात, घाटात दरड आलेली असताना, ती देवगडला कशी पोचणार? तिला जमलं नाही तर बदली कोण? की ऐनवेळी फोनवरच धीर देणार? फोनवरून कंबर दाबता येत नाही. आपल्याकडे नर्सची नोंदणी असते, डूलांसाठी तशी सरकारी नोंदणी नाही, त्यामुळे चौकशी आपल्यालाच करावी लागते. 'डॉक्टरांचं ऐकू नका' म्हणणारी असेल तर तिला तिथूनच परत पाठवा. आणि कर्ज काढून, सोनं गहाण ठेवून तर मुळीच नको. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. तरी अवघड प्रसंगी गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवावं लागलं, तर सोबतच्या माणसांच्या राहण्या-खाण्याला हातात पैसे लागतात. ते आधी बाजूला काढा.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या आरोग्य विभागांना माझी विनंती आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. त्याच दिवशी प्रत्येकीने आपली सोबतीण घेऊन यावं. आई, मामी, जाऊ, शेजारीण, कुणीही. तिला लेबर रूम दाखवा, कंबर कशी दाबायची, काय पाजायचं, कधी बाजूला व्हायचं आणि कुठल्या गोष्टीत हात घालायचा नाही, हे सिस्टरनी तासाभरात शिकवावं. पडद्यांचा खर्च तर रुग्ण कल्याण समितीच्या निधीतूनही होऊ शकतो. आणि संपादक महोदय, कोणत्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांत सोबतीणीला आत घेतात, याची तालुकावार यादी आपल्या वार्ताहरांकडून मिळवून छापावी. आठवा महिना लागलेल्या मुलींना ती आत्ताच हवी आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सेविका
देवगड, जि. सिंधुदुर्ग