दुरुस्तीआधी कुलूप, आणि किल्ली ज्याची त्याच्या खिशात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कामाच्या ठिकाणची सुरक्षितता म्हटली की फलक, घोषणा, सामूहिक शपथ आणि हेल्मेटचे वाटप एवढ्यावर बहुतेक ठिकाणचा कार्यक्रम आटोपतो. २८ एप्रिलचा जागतिक दिवसही अनेक कारखान्यांत असाच पार पडतो. हेल्मेट हवेच, त्यावर वाद नाही. पण कन्व्हेयरच्या रोलरमध्ये हात घातलेल्या फिटरला हेल्मेट वाचवत नाही. त्याला वाचवते ते मेन स्विचवर लावलेले कुलूप, ज्याची एकुलती एक किल्ली त्याच्याच खिशात असते. दुरुस्ती, साफसफाई, ग्रीसिंग किंवा अडकलेला माल काढताना यंत्र सुरू होऊन माणसे जातात, हात-बोटे तुटतात. बातमीत मात्र ‘तांत्रिक बिघाड’ किंवा ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ एवढेच कारण येते. आपल्या वार्ताहरांनी अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत: यंत्राचा पुरवठा कुठे तोडला होता, तिथे कोणाचे कुलूप होते, आणि पुरवठा खरोखर तुटल्याची खात्री कोणी आणि कशाने केली? उत्तरे मिळाली नाहीत, तरी कारण कळते.

सर्वांत मोठा गैरसमज स्टॉप बटणाबद्दलचा आहे. लाल बटण दाबले की साधारणपणे कंट्रोल सर्किट तुटते. मोटरची वीज तोडण्याचे काम कॉन्टॅक्टर (कंट्रोल सर्किटच्या इशाऱ्यावर चालणारा मोठा स्विच) करतो, आणि त्याचे कॉन्टॅक्ट जळून एकमेकांना चिकटले असतील तर बटण दाबूनही मोटर फिरत राहते. ते चिकटले नसले तरी कॉन्टॅक्टरच्या वरच्या टोकांवर वीज उभीच असते. इमर्जन्सी स्टॉपचेही तेच. ते दाबून आत शिरलेल्या माणसाच्या पाठीमागे दुसरा कोणीही येऊन बटण फिरवून सोडवू शकतो. आयएसओ १३८५० हे मानकही इमर्जन्सी स्टॉपला पूरक उपायच मानते. धोका दिसल्यावर यंत्र थांबवण्यासाठी ते आहे, यंत्राच्या आत माणूस असताना त्याचे रक्षण करण्यासाठी नव्हे.

त्यातही फसवे असते ते वाट पाहत उभे असलेले यंत्र. फोटो सेन्सरसमोर खोका अडकला म्हणून कन्व्हेयर थांबतो. ऑपरेटरला वाटते, बंद पडले. तो हात घालून खोका ओढतो, सेन्सर मोकळा होतो आणि पट्टा सुरू होतो. यंत्राने त्याला सांगितलेले काम चोख केलेले असते. फ्लोट स्विचवरचा (पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणारा) पंप, प्रेशर स्विचवरचा कॉम्प्रेसर, टायमरवरचा पंखा आणि कंट्रोल रूममधून चालणारा मिक्सर यांचे वागणे असेच. त्यामुळे ‘दोनच मिनिटांचे काम आहे’ असे म्हणून केलेली साफसफाई पूर्ण दुरुस्तीइतकीच धोक्याची असते. किंबहुना जास्तच, कारण मोठ्या दुरुस्तीला निदान वायरमनला तरी बोलावले जाते.

मग करायचे काय? आधी त्या यंत्राला कुठून कुठून शक्ती मिळते ते कागदावर उतरवायचे. हे काम ब्रेकडाऊनच्या घाईत होत नाही. प्रत्येक यंत्रासाठी आधीच एक पान तयार करून ते यंत्राजवळ लावलेले हवे: कोणत्या पॅनेलमधला कोणता आयसोलेटर (यंत्राचा वीजपुरवठा पूर्ण तोडणारा स्विच), कोणता एअर व्हॉल्व्ह, कोणती वाफेची लाइन. मेन स्विच पाडला तरी इंटरलॉकची (एका यंत्राला दुसऱ्याच्या स्थितीनुसार अडवणाऱ्या जोडणीची) वायर शेजारच्या पॅनेलमधून येत असते, हीटरचा फीडर वेगळा असतो, यूपीएसवर कंट्रोल चालू राहते, आणि वीज गेली की जनरेटर आपोआप पुरवठा घेतो. या आडवाटा त्या पानावर नसतील तर ते पान धोकादायक आहे. ते वाचणारा निर्धास्त होऊन आत शिरतो.

कामाच्या वेळी ऑपरेटरला आणि आजूबाजूच्यांना सांगावे, यंत्र नेहमीच्या पद्धतीने थांबवावे आणि मगच आयसोलेटर पाडावा. भार चालू असताना आयसोलेटर खेचू नये, आर्क (विजेची प्रखर ठिणगी) होतो. नंतर प्रत्येक तोडलेल्या जागी कुलूप आणि टॅग लावावा. टॅगवर नाव, विभाग, तारीख आणि काम लिहावे. नुसत्या ‘चालू करू नये’ या पाटीने स्विच अडत नाही. पाटी पडते, तेलाने पुसट होते, आणि घाईतला माणूस ती बाजूला सारतो. फ्यूज काढून खिशात ठेवण्याची जुनी सवयही अपुरी आहे, कारण दुसरा फ्यूज आणून बसवायला मिनिटही लागत नाही. एमसीबीला पकडणारा छोटा क्लॅम्प, प्लगवर बसणारी डबी, बॉल व्हॉल्व्हच्या दांड्यावर आणि गेट व्हॉल्व्हच्या चाकावर बसणारी कव्हरे, अडचणीच्या जागेसाठी केबलचे कुलूप हे सगळे साधे सामान आहे.

वीज तोडल्यावर काम संपले असे समजणे ही पुढची चूक. यंत्रात साठलेली शक्ती कुलूप लावल्यावरही आतच असते. मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हचे उदाहरण घ्या. ४१५ व्होल्टच्या तीन फेज पुरवठ्यावर त्याच्या डीसी बसवर (आतल्या डीसी विजेच्या पट्ट्यांवर) सुमारे ५६० ते ५९० व्होल्ट असतात, आणि पुरवठा तोडल्यावर आतले कपॅसिटर रिकामे व्हायला काही मिनिटे लागतात. किती मिनिटे थांबायचे ते ड्राइव्हच्या झाकणावर लिहिलेले असते. तेवढे थांबून, वर डीसी रेंजवर मीटर लावून पाहावे. दिवा विझला हा पुरावा नव्हे.

हवेचे बळ तर सर्रास कमी लेखले जाते. १०० मिलिमीटर व्यासाच्या न्यूमॅटिक सिलिंडरमध्ये ६ बार दाबाची हवा असेल तर दांडा सुमारे ४८० किलोच्या बळाने ढकलतो. मुख्य व्हॉल्व्ह बंद केला तरी सिलिंडरपर्यंतच्या नळीत ती हवा कोंडलेली राहते. अडकलेला भाग सुटला की दांडा झटक्यात सरकतो. म्हणून हवा बंद करताच उरलेली हवा बाहेर सोडणारा आणि कुलूप लावता येणारा व्हॉल्व्ह बसवावा, आणि गेजचा काटा शून्यावर आल्याचे पाहावे. मधल्या स्थितीत सगळी तोंडे बंद करणारा डायरेक्शन व्हॉल्व्ह (हवेची दिशा बदलणारा) असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. सिलिंडरच्या दोन्ही बाजूंची हवा वेगळी सोडावी लागते.

हायड्रॉलिक प्रेसमध्ये पंप बंद असतो, पण अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (दाबाखालचे तेल साठवणाऱ्या टाकीत) दाब तसाच असतो. वर उचललेला रॅम (प्रेसचा खाली-वर होणारा जड भाग) तेलावरच तोललेला असतो. होज सैल केली की तो खाली येतो. काम सुरू करण्याआधी रॅम तळाशी आणावा किंवा त्याच्याखाली वजन पेलणारा लोखंडी ठोकळा लावावा. नळीवर किंवा जॅकवर विसंबू नये. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत गार्ड उघडू नये. ताणलेली स्प्रिंग, उचललेली बकेट, गरम भट्टी हेही याच यादीत येतात.

पाइपलाइनवर व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे लाइनचा पुरवठा पूर्ण तुटला असे नसते. व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा बसतो, व्हॉल्व्ह झिरपतो. धोकादायक द्रव किंवा वायू असेल तर दोन व्हॉल्व्ह बंद करून मधला ड्रेन उघडा ठेवावा, किंवा फ्लँजमध्ये (पाइपच्या बोल्टच्या जोडात) ब्लाइंड, म्हणजे वाट बंद करणारी भरीव चकती, घालावा. २३ ऑक्टोबर १९८९ रोजी अमेरिकेत टेक्सासमधील पासाडेना येथे पॉलिथिलीनच्या कारखान्यात स्फोट होऊन २३ जण मृत्युमुखी पडले. साफसफाई चालू असताना ज्या व्हॉल्व्हने प्लांटचा दाब अडवायचा, त्याच्या हवेच्या नळ्या उलट जोडल्या गेल्या होत्या. स्विच ‘बंद’कडे होता आणि व्हॉल्व्ह उघडा. ब्लाइंडचा दुसरा अडथळा तिथे नव्हता.

म्हणूनच कुलूप लावल्यावर तपासणी, आणि ती वगळून पुढे जाऊ नये. सर्वांना दूर करून स्टार्ट बटण दाबून पाहावे आणि यंत्र हलले नाही की स्विच पुन्हा ‘बंद’वर आणून ठेवावा. हे दुसरे विसरले तर कुलूप काढताच यंत्र सुरू होऊ शकते. विजेसाठी मीटर आधी चालू पुरवठ्यावर लावून तो दाखवतो आहे हे पाहावे, मग तोडलेल्या टोकांवर फेज-फेज, फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ असे मोजावे, आणि शेवटी मीटर परत चालू पुरवठ्यावर तपासावा. मध्येच मीटरची बॅटरी गेली किंवा लीड तुटली, तर तो मेलेल्या आणि जिवंत तारेवर सारखाच शून्य दाखवतो. निऑन टेस्टरवर हे काम सोपवू नये. त्यातला दिवा शरीरातून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर पेटतो. रबरी चटईवर उभे राहिल्यास किंवा उजेडात तो दिसतच नाही.

आता माणसांचे. एका यंत्रावर चार जण असतील तर चार कुलपे हवीत. एका कडीत अनेक कुलपे घेणारी हॅस्प मिळते. सगळ्यांच्या वतीने सुपरवायझरने एक कुलूप लावले की त्याच्या विस्मरणावर चौघांचे जीव टांगले जातात. तोडण्याच्या जागा अनेक असतील तर त्या कुलपांच्या किल्ल्या एका पेटीत ठेवून पेटीला प्रत्येकाने आपले कुलूप लावावे. ठेकेदाराची माणसे, बाहेरून आलेला सर्व्हिस इंजिनिअर आणि हेल्परही यात धरावेत. ‘तो फक्त टॉर्च धरणार आहे’ म्हणून कोणाला सूट देऊ नये, टॉर्च धरणारा यंत्राच्या सर्वांत जवळ असतो. मास्टर किल्ली ठेवूच नये.

शिफ्ट बदलताना येणाऱ्याने आधी आपले कुलूप लावावे, मग जाणाऱ्याने काढावे, आणि काय उघडे आहे ते तोंडी आणि लेखी सांगावे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर १६७ जण गेले. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून तिथे तात्पुरती झाकणी बसवली होती. रात्री दुसरा पंप बंद पडला. कंट्रोल रूममधल्या लोकांना पहिल्या पंपाच्या देखभालीचा परवाना माहीत होता, व्हॉल्व्ह काढल्याचा वेगळा परवाना माहीत नव्हता. तो पंप चालू केला गेला आणि झाकणीतून वायू गळला. परवान्याचा कागद होता, पण तो योग्य माणसापर्यंत पोचला नाही. कुलूप असते, तर कागद न वाचणाऱ्यालाही त्याने अडवले असते.

एवढे सगळे माहीत असूनही लोक कुलूप का लावत नाहीत? आमच्या मते कामगाराला दोष देण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. कुलपे सेफ्टी विभागाच्या कपाटात असतात आणि रात्रपाळीला ते कपाट बंद असते. आयसोलेटर शेडच्या दुसऱ्या टोकाला असतो. आणि पॅनेलवरच्या पट्ट्या पुसलेल्या किंवा चुकीच्या असतात. उपायही तिथेच आहेत. प्रत्येक फिटर, वायरमन आणि ऑपरेटरला त्याच्या नावाचे कुलूप कायमचे द्यावे. प्रत्येक मोटरजवळ कुलूप लावता येणारा लोकल आयसोलेटर बसवावा. नवे यंत्र घेतानाच ऑर्डरमध्ये ही अट लिहावी आणि अनपेक्षित सुरू होण्याविषयीच्या आयएसओ १४११८ या मानकाचा उल्लेख करावा. मागाहून बसवण्यापेक्षा ते सोपे पडते. आणि कुलूप लावून काढण्यात जाणारी मिनिटे उत्पादनाच्या वेळापत्रकात धरावीत. ती धरली नाहीत, तर व्यवस्थापनाने नियम मोडण्याची परवानगीच दिली आहे.

कधी कोणी कुलूप तसेच ठेवून घरी जातो. अशा वेळी कटर घेऊन धावू नये. तो माणूस आवारात नाही याची खात्री करावी, त्याच्याशी संपर्काचा प्रयत्न करावा, यंत्राच्या आत कोणी नाही हे प्रत्यक्ष पाहावे, मग ठरवून दिलेल्या एकाच अधिकाऱ्याने ते तोडून नोंद करावी. कुलूप ज्याचे होते तो परत कामाला लागण्याआधी त्याला हे सांगितलेच पाहिजे. नाहीतर तो आपले कुलूप अजून आहे असे समजून थेट आत हात घालील.

काम झाल्यावर हत्यारे मोजून बाहेर काढावीत, गार्ड पूर्ववत बसवावेत, माणसे बाजूला झाल्याचे पाहावे, आणि ज्याने त्याने आपलेच कुलूप काढावे. या पद्धतीची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी, पण ऑफिसात फाइल उघडून नको. यंत्रापाशी उभे राहून एखाद्या फिटरला ती पहिल्या पायरीपासून करून दाखवायला सांगावे, आणि तो जिथे अडखळेल तिथे यंत्राजवळचे पान त्याच दिवशी दुरुस्त करावे.

आपले,
कारखान्यांच्या देखभाल विभागांत काम करणारे काही वाचक