साहेब पणजोबांविषयी

प्रिय आई आणि बाबा,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

साहेब पणजोबांच्या शोधासाठी मी डीएनए चाचणी करायला दिली आहे. आधी विचारले असते तर बाबा नको म्हणाले असते, आणि त्यांनी नको म्हटल्यावर माझा हात पुढे झाला नसता, म्हणून नमुना पाठवून झाल्यावर हे लिहीत आहे. नमुना केवळ माझ्या लाळेचा आहे. खाते टोपणनावाने उघडले आहे, काका-आत्यांपैकी कोणालाही यात ओढलेले नाही, आणि जे काही निघेल ते प्रथम तुम्हालाच कळेल.

एवढे करण्याचे कारण असे, की कागद एका टप्प्यावर येऊन थांबले. साहेब म्हणजे भोर घाटाचे इंजिनिअर, हे आपल्या घरातले लेकरूही सांगेल. बोगदा आला की बाबा माझे कान आपल्या तळहातांनी झाकायचे आणि म्हणायचे, "हा आपल्या साहेबाचा बोगदा." मी शाळेत किती जणींना ते ऐकवले असेल! प्रत्यक्षात मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली हे लंडनचे होते आणि घाट १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने विलायतेहून नेमलेल्या माणसांच्या नोंदींत आपल्या साहेबांच्या नावापुढे 'बॉयलरमेकर, ग्लासगो' एवढेच आहे. बाबा, मला तर यात कमीपणा मुळीच वाटत नाही. ३७ फुटांना एक फूट चढणाऱ्या त्या वाटेवर इंजिनाच्या बॉयलरची जबाबदारी ज्याच्या अंगावर, तो माणूस कोणत्या इंजिनिअरपेक्षा कमी? आपल्या चर्चमंडळीच्या स्मरणिकेतला तुमचा लेख जसा आहे तसाच राहू दे. पुढे कधी लिहिलेत तर 'रेल्वेचे कारागीर' असे लिहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

इथे ग्लासगोत शोधणेही सोपे नाही. स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. त्याआधीचे सारे चर्चच्या वह्यांत, आणि त्या वह्यांतून पुष्कळ मुले सुटलेली आहेत. त्यात १८४३ मध्ये इथली चर्चमंडळी फुटली आणि बरीच कुटुंबे नव्या फ्री चर्चमध्ये गेली. तरीही १८५१ च्या जनगणनेत, जिथे रेल्वेचे मोठे कारखाने होते त्या स्प्रिंगबर्न भागात, साहेबांच्याच नावाचा, वयाला जुळणारा मुलगा एका लोहाराच्या घरी सापडला. त्याच्या आईचे नाव वाचून मी वाचनालयात चक्क उभी राहिले, कारण साहेबांच्या मुलीचे, म्हणजे बाबांच्या मोठ्या आजीचे, बाप्तिस्म्याचे नाव तेच आहे. इकडची जुनी रीत अशी, की पहिल्या मुलीला आईच्या आईचे नाव आणि दुसरीला वडिलांच्या आईचे. आपल्याकडे पहिलीलाच वडिलांच्या आईचे दिले गेले. साहेबांच्या पत्नीच्या, म्हणजे माझ्या खापरपणजीच्या, आईचे मराठी नाव पाद्रीसाहेबांच्या पचनी पडले नसावे. पण ही नावे इथे गल्लीगल्लीत आढळतात, आणि म्हणूनच रक्ताचा पुरावा हवा आहे.

आता जे लिहायला मन धजत नाही, ते. मुंबई इलाख्यातल्या चर्चनोंदींच्या ज्या प्रती लंडनला जात, त्यांत साहेबांचे लग्न सापडले नाही. याचा अर्थ लग्न झालेच नाही, असा कोणीही काढू नये. त्या प्रतींत मुख्यतः गोऱ्यांच्या आणि मिश्र कुटुंबांच्या नोंदी असत. मिशनच्या मराठी मंडळीची वही तिथल्या तिथेच राही. आणि ज्या माणसाने लेकीला आपले आडनाव आणि आपल्या आईचे नाव दिले, त्याने तिला टाकली होती असे मला कोणी सांगू नये.

म्हणून आता तुमच्याकडे काम आहे. माळ्यावरच्या पेटीतले जुने पवित्र शास्त्र काढायचे, पण बाबांनी स्टुलावर चढायचे नाही. धाकट्या काकांच्या मुलाला बोलवा. पहिल्या कोऱ्या पानावर मोठ्या आजीच्या जन्माची ओळ आहे, तिच्यात १८७ च्या पुढचा आकडा कसरीने खाल्लेला आहे. तो १ आहे की ७, हे खिडकीच्या उजेडात पान तिरपे धरून पाहा आणि फोटो पाठवा. त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. पाळकसाहेबांकडे बाप्तिस्म्याची वही मिळाली तर आपल्या ओळीचाच नव्हे, पूर्ण पानाचा फोटो घ्या. लग्नाची वही असेल तर साक्षीदारांच्या नावांसकट.

आई, माझी काळजी करू नकोस. घर उबदार आहे, तांदूळ-डाळ कोपऱ्यावरच मिळते, आणि तू दिलेली शाल वाचनालयातही खांद्यावर असते. तू मात्र गुडघ्याचा पट्टा बांधल्याशिवाय जिना उतरू नकोस. बाबांची रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर लगेच, पेपर वाचून झाल्यावर नव्हे.

बाबा, साहेब तुमचे पणजोबा, म्हणून तुमच्यात त्यांचा अंश सरासरी साडेबारा टक्के, माझ्यात त्याच्या निम्मा. नाते मोठ्या आजीकडून येते, त्यामुळे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वंशरेषेची चाचणी इथे चालत नाही. तुमचा नमुना मिळाला तर पुष्कळ उलगडेल. तरीही तुमच्यावर सक्ती नाही. मोठ्या आजीला तुम्ही पाहिले आहे. ती आपल्या वडिलांविषयी काय बोलत असे, ते आठवेल तसे, मोडकेतोडके का होईना, आईला सांगा. ती लिहून घेईल.

तुमची लाडकी लेक