उद्यमनगरच्या अण्णांना, गांधीनगरहून

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. पेढे घेऊन आलो त्या दिवशीच तुम्ही बजावलं होतं, "गाजावाजा नको." तरीही पत्र उघड लिहितेय. माझ्या भावासाठी तुम्ही जे केलंत ते कोल्हापुरातल्या कुठल्याही कारखानदाराला जमण्यासारखं आहे, फक्त सुरुवात कुठून करायची ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

गांधीनगर म्हटलं की लोकांना कापडाची होलसेल पेठ आठवते. त्याआधी हा वळिवड्याचा कॅम्प होता. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले जवळपास ५,००० पोलिश लोक १९४३ ते १९४८ इथं राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त. ते गेले आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या आमच्या माणसांनी त्याच बराकींत चुली मांडल्या. माझे आजोबा त्यातलेच. त्यांचे थोरले भाऊ मात्र तिकडं सिंधमध्ये, सक्करलाच राहिले. त्या थोरल्या भावाचा नातू, म्हणजे हाच माझा भाऊ, २०१३ मध्ये आई-वडिलांना घेऊन आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा आमच्या घरात निर्वासित हा शब्द पासष्ट वर्षांनी पुन्हा बोलला गेला.

आपल्या देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. पाकिस्तानातून आलेल्या हिंदूंना मिळतो तो दीर्घ मुदतीचा व्हिसा. त्यावर खाजगी नोकरी करता येते. सरकारी, निमसरकारी आणि सहकारी संस्थेतली चालत नाही. साखर कारखाना, दूध संघ, बँक, पतसंस्था, सगळं सहकारावर उभ्या असलेल्या या जिल्ह्यात त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. ती सगळी दारं बंद. उरतात तुमच्यासारखे लोक.

तुमच्याकडे येण्याआधी तो एका दुकानात होता. तिथं दुसऱ्या पोरांच्या निम्मा पगार, तोही हातात, कुठं नोंद नाही. "तुझ्याकडं कागद नाहीत" एवढंच कारण. कागद होते, अण्णा. व्हिसा होता. २०१६ पासून अशा लोकांना पॅन, आधार, बँकेत खातं, ड्रायव्हिंग लायसन्स हे सगळं काढता येतं. पण मालकाला ते जाणून घ्यायचंच नव्हतं, आणि पोलिसांत नाव जाईल या भीतीनं आमचा पोरगा गप्प बसला. ते वर्ष आठवलं की आजही माझा जीव तुटतो.

मग तो तुमच्या शेडच्या दारात आला. तुम्ही कागद मागितले नाहीत. उघडून ठेवलेलं ऑइल इंजिन त्याच्यापुढं सरकवलंत. सक्करला तो शेतातल्या पंपांची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा, त्यामुळं हात आपोआप चालू लागले. पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह, गॅस्केट, ही नावं सिंधीतही तीच. संध्याकाळी इंजिन सुरू झालं तेव्हा तुम्ही म्हणालात, "काम येतंय न्हवं? मग कागदाचं आपण बघू."

आणि खरंच बघितलंत. दुसऱ्या दिवशी व्हिसाची झेरॉक्स घेऊन स्वतः चौकशीला गेलात. नोकरी चालते याची खात्री करून घेतलीत, बँकेत त्याच्याबरोबर बसलात, त्याचं नाव मस्टरवर चढवलंत. पगार दुसऱ्या फिटरांएवढाच. घरी आल्यावर त्यानं आम्हाला पगाराचा आकडा सांगितलाच नाही, मस्टरवर कितव्या ओळीत नाव आहे ते सांगितलं. सातव्या.

मुदत वाढवायची वेळ आली की त्याला पोलीस अधीक्षक कार्यालयात तीन-तीन हेलपाटे पडायचे. ते दिवस तुम्ही कधी खाडा धरले नाहीत. रोजंदारीवरच्या माणसाला याची किंमत विचारा. कित्येक जण तेवढ्या खाड्यांपायी मुदतवाढच लांबवतात आणि मग अडकतात.

बेळगावच्या गिऱ्हाइकाकडं मशीन बसवायला त्याला पाठवायचं ठरलं होतं, तेही आठवतं. या व्हिसावर राज्याच्या आतच मोकळं फिरता येतं आणि बेळगाव पडलं कर्नाटकात. तासा-दोन तासांचा रस्ता, पण त्याच्यासाठी ती हद्दच. त्यानं ते खाली मान घालून सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. दुसऱ्याला बेळगावला धाडलंत आणि याला साताऱ्याचं काम दिलंत.

मराठीचंही तसंच. त्याची लिपी उजवीकडून डावीकडं जाणारी, देवनागरी त्याला येत नव्हती. "आकडे येतात न्हवं, तिथनं सुरू करू," म्हणत तुम्ही व्हर्नियरची मापं फळ्यावर लिहायला लावलीत. पुढं त्याच फळ्यावर रोज एक पार्टचं नाव मराठीत. लेथवरच्या मामांनी त्याला शिव्याही मराठीतच शिकवल्या, असं काकी, म्हणजे त्याची आई सांगते, आणि सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतल्या गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी हॉटेल घालून दिलं आणि स्वतः तिथला चहा घेतला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. दुपारी त्याच्या डब्यातली कोकी, म्हणजे आमची जाड सिंधी पोळी, तुम्ही सगळ्यांसमोर मोडून खाल्लीत, हे त्यानं घरी सांगितलं तेव्हा मला तेच आठवलं. त्याआधी शेडमधली दोन पोरं त्याला "पाकिस्तानी" म्हणून हाक मारायची. त्यानंतर ती हाक बंद झाली.

मार्च २०२४ मध्ये नागरिकत्वाचे नियम आले. तो ३१ डिसेंबर २०१४ च्या आधी आलेला, म्हणून अर्ज करता आला. गेल्या महिन्यात प्रमाणपत्र हातात पडलं, त्याचेच ते पेढे. पण आमच्याच गल्लीत त्या तारखेनंतर आलेली दोन घरं आहेत. त्यांतला एक पोरगा वेल्डिंग चांगलं करतो, एक बाई शिलाईत तरबेज आहे. दोघांचे व्हिसे चालू आहेत, पॅनही आहे. तुमच्या ओळखीत कुणाला माणूस हवा असेल तर एवढंच सांगा, की आधी काम बघा, मग व्हिसाची मुदत बघा, आणि मस्टरवर नाव घाला.

काकीला हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, एवढं लिहिण्यापेक्षा त्यांना जेवायला बोलाव. तर येत्या सोमवारी सुट्टी आहे, वहिनींना घेऊन या. कोकी आणि साई भाजी आहे. मटण मात्र भाऊ स्वतः करणार आहे, कोल्हापुरी, तुमच्या घरच्या चटणीचं.

तुमची,
गांधीनगरची धाकटी बहीण