सोलो उड्डाण : ‘ताबा सुटला’ एवढेच लिहून थांबू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिकाऊ वैमानिक एकट्याने उडत असताना हेलिकॉप्टर कलंडले, की ‘वैमानिकाचा ताबा सुटला’ हे वाक्य बातमीत हमखास असते. तो का सुटला, हे क्वचितच येते. प्रशिक्षक खाली उतरताच तेच हेलिकॉप्टर वेगळे वागू लागते. कारणाचा शोध तिथून सुरू व्हावा, म्हणून हे पत्र.

प्रशिक्षणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या रॉबिन्सन आर-२२ या दोन आसनी हेलिकॉप्टरचेच पाहा. त्याचे कमाल उड्डाणवजन ६२२ किलो. ८० किलोचा प्रशिक्षक उतरला, तर जवळपास आठवा हिस्सा वजन गेले. विद्यार्थी उजवीकडे बसतो, त्यामुळे गुरुत्वमध्य उजवीकडे सरकतो. दोन्ही आसने रोटरच्या दांड्याच्या पुढे असल्याने तो मागेही जातो. आता सायक्लिक (हेलिकॉप्टर हव्या त्या दिशेला कलवणारी काठी) सवयीपेक्षा थोडी डावीकडे आणि पुढे धरावी लागते, नाक वर राहते, आणि कलेक्टिव्ह (रोटरची एकूण उचल कमी-जास्त करणारा दांडा) नेहमीपेक्षा कमी उचलला तरी स्किड (हेलिकॉप्टर ज्यांवर टेकते त्या खालच्या दांड्या) जमीन सोडतात. हाताला मात्र जुनेच माप अंगवळणी पडलेले असते. हेलिकॉप्टर झटक्यात वर येते, विद्यार्थी दचकून कलेक्टिव्ह खाली सोडतो आणि ते बाजूला वाहत असतानाच एक स्किड जमिनीला लागते.

इथे डायनॅमिक रोलओव्हरचा, म्हणजे रोटर चालू असताना बाजूला कलंडण्याचा, धोका सुरू होतो. स्किड गवतात, चिखलात किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरात अडकले, की तेच बिजागरी बनते आणि रोटरची उचल सगळे धूड त्याच्याभोवती फिरवू लागते. रोटर थांबलेले हेलिकॉप्टर उलटायला बरेच जास्त कलावे लागते. उचल चालू असताना मात्र साधारण ५ ते ८ अंशांपुढे गेले, की सायक्लिक विरुद्ध बाजूला पूर्ण ढकलूनही ते सावरत नाही. उपाय एकच : कलेक्टिव्ह सलगपणे खाली, पण आदळून नव्हे, आदळल्यास ते दुसऱ्या बाजूला उलटू शकते. घाबरलेला हात नेमका तो वर ओढतो. वरून पाहता ज्यांचा रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, त्या हेलिकॉप्टरांत शेपटीचा पंखा यंत्राला उजवीकडे ढकलतो. त्यात वजनही उजवीकडे आणि वारा डावीकडून असला, तर सोलोत तिन्ही गोष्टी एकाच बाजूला जमतात.

कार्ब्युरेटरमधला (इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागातला) बर्फ हे दुसरे कारण. तो दमट हवेत २० अंश सेल्सियसलाही जमू शकतो. आर-२२ मधला गव्हर्नर थ्रॉटल (इंजिनाची शक्ती ठरवणारी झडप) आपोआप उघडत इंजिनाचे फेरे कायम ठेवतो, त्यामुळे इंजिन गुदमरत असल्याचे नवख्याला कळतच नाही. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) वेळेवर ओढायची सवय प्रशिक्षक शेजारी असतानाच लागायला हवी.

म्हणून अपघातानंतर प्रश्न सोलोची परवानगी देणाऱ्यालाही विचारावेत. त्या दिवशी आडवा वारा किती होता? त्याच यंत्रावर त्याच सकाळी प्रशिक्षकासह फेऱ्या झाल्या होत्या का? वजन व गुरुत्वमध्याचा हिशेब एकट्या वैमानिकासाठी नव्याने मांडला होता का? वैमानिक हलका असेल तर उड्डाणपुस्तिकेनुसार जादा भार ठेवला होता का? स्किड हलके होताच क्षणभर थांबून कोणती बाजू आधी उचलते ते जाणून घ्यायचे आणि मगच वर यायचे, हे त्याच्याकडून घोटून घेतले होते का? आमच्या मते हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. अमेरिकेत १९९५ पासून आर-२२ वर सोलोआधी प्रशिक्षकासह किमान २० तासांची अट आहे. ती चांगलीच आहे, पण तास भरले म्हणजे विद्यार्थी तयार झाला असे नव्हे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १३व्या परिशिष्टानुसार चौकशीचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा आहे, दोष ठरवणे नव्हे. प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत यावा, अशीही त्यात अपेक्षा आहे. अपघाताची बातमी पहिल्या पानावर येते. अंतिम अहवालातली कारणेही त्याच पानावर छापावीत, ही विनंती.

आपले,
हेलिकॉप्टर प्रशिक्षणाशी संबंधित काही वाचक